पेटीवर बसलेला मुन्शी

संतराम मुन्शीच्या पुढ्यात त्या दिवशी सकाळी जो कागद येऊन पडला, त्यातला शब्दन्‌शब्द त्याला पाठ होता. असायलाच हवा, गाणं त्याचंच होतं. फक्त ते त्याचं आहे हे कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आपण गाणी जुळवतो हे तिथं ठाऊक होऊ नये म्हणून त्याने बारा वर्षं जिवाचं रान केलं होतं.

कागद आणणारा शिपाई म्हणाला, "अमीनसाब बोले, दुपहर तक तर्जुमा होना. तीन बजे उस गाडीवाले का बयान है."

अमीन म्हणजे पोलिसांचा ठाणेदार. तर्जुमा म्हणजे भाषांतर, आणि तेच संतरामचं पोटापाण्याचं काम. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू आणि रयतेची मराठी. रयतेचा अर्ज आला की संतरामने तो उर्दूत करायचा, वरून हुकूम आला की तो मराठीत करून चावडीवर लावायला द्यायचा. अठरा वर्षं तो हेच करत होता. त्याच्या तर्जुम्यात कधी कानामात्रा इकडची तिकडे झाली नाही, अशी त्याची ख्याती होती.

"कोन गाडीवाला?" त्याने विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"वो वसराम, तांडेवाला. सबेरेच पकडके लाए."

शिपाई गेला. संतरामने कागद जवळ ओढला, दौतीत टाक बुडवला आणि तो तसाच धरून बसला. टाकावरचा थेंब कागदाच्या कडेवर पडला, तरी त्याला उमगलं नाही.

ही १९४६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कचेरी कुठल्या तालुक्याची ते मी मुद्दाम सांगत नाही. त्या वेळच्या लोकांची नातवंडं आजही हिंगोलीच्या मोंढ्यात भेटतात, आणि मला तिथंच हळद विकायची असते. ठाणं आणि कचेरी एकाच आवारात होती, मध्ये एक लिंबाचं झाड. त्या झाडापलीकडच्या कोठडीत वसराम बसलेला होता.

आता संतरामचं हे गाण्याचं लफडं काय होतं ते आधी सांगायला पाहिजे.

संतराम पुसेगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. बापाने, तातेरावांनी, त्याला हिंगोलीला ठेवून उर्दू शिकवलं, कारण उर्दूवाल्याला नोकरी होती. नोकरी लागली. पण पोराच्या कानात लहानपणीचे टाळ वाजायचे थांबले नाहीत. तो अभंग जुळवायचा, कधी भारूड जुळवायचा, आणि बरे जुळवायचा. १९३४ साली गावच्या सप्ताहात त्याने हिंमत केली. काल्याच्या दिवशी उभा राहिला आणि स्वतःचा अभंग म्हटला, शेवटच्या कडव्यात 'संतराम म्हणे' असं आपलं नाव घालून. भजनात ही रीतच असते. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्याचं ते भजन. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारली. संतरामला आभाळ ठेंगणं झालं.

त्या गर्दीत कचेरीतले पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे वरचे कारकून, पाहुणे म्हणून आलेले होते. दुसऱ्या दिवशी संतराम कामावर गेला, तर पेशकार उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आइए, संत महाराज!" सगळी कचेरी हसली. महिनाभर हे चाललं. कुणी त्याच्या पाया पडायचं, कुणी त्याच्या पुढ्यात नारळ ठेवायचं, कुणी अर्जातली ओळ टाळाच्या ठेक्यावर म्हणून दाखवायचं. त्याला कुणी शिक्षा केली नाही, पगार कापला नाही. नुसते हसले. पण मार एकदा खाऊन संपतो, कचेरीतलं हसू रोज सकाळी नवं असतं. संतराम त्या महिन्यात जो मिटला तो मिटलाच.

लिहिणं मात्र सुटलं नाही. घरी आला की दारात शेरवानी काढायची, खुंटीला लावायची आणि मगच गुणगुणायचं. वह्या भरत गेल्या. त्या तो ठेवायचा कुठं, तर स्वयंपाकघरातल्या उतरंडीत, खालून दुसऱ्या मडक्यात. वही हवी असली की त्याच्या बायकोने, नर्मदाबाईने, वरची पाच मडकी उतरवायची आणि पुन्हा रचायची.

"आवं, चोरीचं सोनं बी लोक इतकं झाकून ठेवत न्हाईत," ती म्हणायची. "कुणाला म्हणून तरी दाखवा. न्हाईतर चुलीत घाला, माझी मडकी तरी मोकळी व्हतील."

"नोकरदार माणसाला हे शोभत न्हाई," तो म्हणायचा.

"शोभत न्हाई का सोसत न्हाई?" ती विचारायची, आणि तो तंबाखू मळायला घ्यायचा.

वसराम त्याला भेटला तो दौऱ्यात. साहेबलोक दौऱ्यावर निघाले की सामानासाठी गाड्या धरायच्या, वेठीने. मजुरी नाही, बैलांना चारा नाही. वेठ बंद झाल्याचा हुकूम कधीचाच निघाला होता. त्याचा मराठी तर्जुमा संतरामनेच केला होता आणि तो चावडीवर पिवळा पडून गेला होता. वसरामचा तांडा पुसेगावच्या पलीकडे, म्हणून दर दौऱ्याला वसरामची गाडी ठरलेली. तीत अमीनसाहेबांची पेटी, अमीनसाहेबांची खाट, आणि अमीनसाहेबांना रोज ताजं कोंबडं लागे म्हणून कोंबड्यांची जाळी. पेटीवर बसायला संतराम मुन्शी.

एकदा ओढ्यातल्या गाळात गाडी रुतली. अमीनसाहेब घोड्यावर पुढे निघून गेले होते. वसराम खाली उतरला, त्याने जुवाला स्वतःचा खांदा लावला आणि बैलाशी बोलायला लागला. "ओढ रे बाबा. माझ्या आज्यापाशी तुझा आजा व्हता. पाठीवर मिठाची गोणी घेऊन मुलूख हिंडला. गावोगाव लोक वाट पाहत, बंजारा कवा येईल अन्‌ मीठ कवा येईल. अन्‌ तुझ्या नशिबी काय आलं? सायबाची कोंबडी."

संतराम हे ऐकत पेटीवर बसून होता. उतरावं असं त्याला वाटलं. पण अंगात शेरवानी होती, खाली चिखल होता, आणि वाटायचं ते वाटेपर्यंत गाडी निघाली सुद्धा. त्या न उतरण्याची त्याला घरी येऊन अशी काही लाज वाटली की दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी गाणं झालं.

*बैल पुसे सायबाला, काय वाहतो मी सांग*
*मीठ वाहे माझा बाप, गावोगावी फिटे पांग*

*तुझी पेटी, तुझी खाट, तुझ्या कोंबड्याची जाळी*
*ओढू ओढू मान गेली, चारा नाही सांजवेळी*

शेवटच्या कडव्याला मात्र अडलं. 'संतराम म्हणे' लिहायला टाक उचलला आणि पेशकारांचे जोडलेले हात डोळ्यांपुढे आले. शिवाय हे काही विठ्ठलाचं भजन नव्हतं. कोंबड्यांची जाळी कुणाची हे शेंबड्या पोरानेसुद्धा ओळखलं असतं. मग त्याच्या मनात एक तोडगा आला. वसरामचा गळा खणखणीत, तांड्यात डफावर त्याच्यासारखा म्हणणारा नाही. त्याच्याच नावाने कडवं केलं तर?

*वसराम म्हणे बैला, एक जू रे दोघां खांदी*
*तुझी वाचा माझ्या तोंडी*

दोन्ही नावं चार-चार अक्षरांची, त्यामुळे ठेक्यातही बरोबर बसलं. संतरामने मनाशी हिशेब केला, की वसरामला आपलं नावसुद्धा लिहिता येत नाही, अंगठेबहाद्दर माणसावर कवितेचा आळ कोण घेणार? कचेरीत अठरा वर्षं काढलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. कागदावर ज्याचं नाव त्यालाच धरतात, हे रोज पाहणारा हा माणूस, आणि गाणं म्हणजेही एक कागदच हे त्याच्या ध्यानात आलं नाही. वर तो स्वतःला सांगत राहिला की मी गरिबाला मान दिला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि त्यालाच खांदा दिल्याचं पुण्य घ्यायचं, ते हे.

पुढच्या दौऱ्यात संतरामने गाणं म्हणून दाखवलं, वसरामने दोनदा ऐकलं आणि त्याला पाठ झालं. नावाच्या कडव्याला तो थबकला होता. "माझं नाव?" त्याने विचारलं. "भजनात?" त्याचे डोळे भरून आले होते, आणि संतरामने नजर दुसरीकडे वळवली होती.

गाणं वाऱ्यासारखं पसरलं. तांड्यातून पुसेगावात आलं, पुसेगावातून पार आखाडा बाळापूरच्या बाजारात गेलं. एकदा कामानिमित्त संतराम तिथं गेला होता, तर मिरच्यांच्या ढिगाशी बसलेली एक बाई ते गुणगुणत होती. तो मिरच्या न घेता उभाच राहिला. 'माझं आहे ते,' असं अगदी ओठांवर आलं. तिने विचारलं, "काय पाह्यजे, दादा?" तो म्हणाला, "काही न्हाई," आणि चालू लागला. घरी येईपर्यंत त्याला वसरामचा हेवा वाटत होता. आपण दिलेल्या वस्तूचाच हेवा! माणसाचं मन असंच विचित्र.

मग त्या बाजारात एके दिवशी अमीनसाहेबांचा घोडा निघाला, कुणीतरी गाणं धरलं आणि कुणीतरी मागून कोंबड्यासारखी बांग दिली. अख्खा बाजार हसला. त्यानंतर आठ दिवसांनी वसरामला धरून आणलं.

संतरामने दुपारपर्यंत तर्जुमा केला. नेहमीसारखाच चोख. 'वसराम कहता है' हेही त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं. आणि जेवायला म्हणून घरी आला.

ओट्यावर वसरामची बायको पारुबाई बसलेली होती. नर्मदाबाईने तिला पाणी दिलेलं, ते तसंच तांब्यात होतं.

"मुन्शीजी," पारुबाई म्हणाली, "माझा माणूस बैलासंगं बोलतो, डफ वाजवतो. पर त्याला अक्षर जुळवता येत न्हाई. तांड्यात समद्यांना ठाव हाय गाणं कुणाचं. आजवर कुणी तोंड उघडलं न्हाई. मी बी उघडनार न्हाई."

"मग काहून आलीस?" संतरामने विचारलं.

"शिपाई म्हणून राहिला, बैलजोडी जप्त व्हनार. अन्‌ सहा महिने कैद. अन्‌ आज कबूल करून घ्यायला मारतीन." ती उठली. "सांगायला आले. मागायला न्हाई आले."

ती गेली. नर्मदाबाईने ताट वाढलं. संतराम ताटावर बसला आणि भाकरी मोडून तशीच ठेवली.

"मी बोललो तर नोकरी जाती," तो म्हणाला. "अठरा साल झाले. कैद बी व्हईल. आन्‌ ते समदे हसतीन, ते येगळंच."

"व्हय," नर्मदाबाई म्हणाली.

"तू काय म्हणतीस?"

"मी काय म्हणू? नोकरी गेली तर पुसेगावला तीन एकर हाय, मी खुरपं धरीन. पर एक सांगते." ती उठली, तिने उतरंडीची वरची पाच मडकी एकेक करून खाली ठेवली आणि दुसऱ्या मडक्यातून वह्यांचा गठ्ठा काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "आज ते वसरामचं म्हणून सोडलं, तर याच्यातलं एक बी गाणं तुमचं न्हाई. मग ह्या मडक्यात मी उद्यापासून मीठ भरीन."

तो जेवला नाही. कचेरीत परतताना तो लिंबाच्या झाडापाशी थांबला. पहाऱ्यावरचा शिपाई ओळखीचा होता. तर्जुम्यासाठी एक शब्द विचारायचा आहे असं सांगून संतराम कोठडीच्या गजांपाशी गेला. वसरामच्या गालावर बोटं उठली होती.

"वसराम, मी सांगून टाकतो," संतराम हळू आवाजात म्हणाला. "गाणं माझं म्हणून."

त्याला वाटलं होतं वसराम हात जोडेल. वसराम गजांजवळ आला आणि त्याच्या डोळ्यांत राग होता.

"तुमी दिलं तवा मी घेतलं, मुन्शीजी. आता परत मागता? माझं लेकरू बाजारात सांगतं, माझ्या बापाचं गाणं. आजवर माझं नाव कुणी घेतलं, तर वेठीला गाडी पाह्यजे म्हणून घेतलं. या गाण्यानं पहिल्यांदा कुणी मला 'वसरामजी' म्हणलं. अन्‌ मार खायची येळ आली तवा तुमी म्हणता, न्हाई, ते माझं हाय. मार बी मी खाईन, नाव बी माझंच राहील."

"आरे, बैल जातीन तुझे!"

"जाऊ द्या," वसराम म्हणाला, पण ते म्हणताना त्याचा आवाज फाटला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी संतरामची गत झाली. आणि त्या गजांशी उभं असताना त्याला एक गोष्ट लख्ख दिसली. जे नाव लावायला आपण बारा वर्षं घाबरलो, त्या नावासाठी हा माणूस पाठ सोलून घ्यायला तयार आहे. दोघांत कवी कोण, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला.

तीन वाजले. अमीनसाहेब खुर्चीत बसले होते. गंमत पाहायला कचेरीतले झाडून सगळे आलेले होते, पेशकार सुद्धा. आता त्यांची दाढी पांढरी झाली होती. वसरामला समोर उभं केलं. रीतीप्रमाणे संतराम दोघांच्या मध्ये उभा राहिला, अमीनचं उर्दू मराठीत आणि वसरामचं मराठी उर्दूत करायला.

तर्जुमा वाचून झाला. कोंबड्यांच्या जाळीची ओळ आली तेव्हा कुणीतरी हसू दाबायला खोकल्यासारखं केलं होतं. अमीनसाहेबांचा चेहरा लाल झाला.

"ये गाना किसने बनाया?"

"गाणं कुणी केलं?" संतरामने विचारलं.

"मी," वसराम म्हणाला.

"ये बोलता है, मैंने," संतरामने सांगितलं. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

अमीनसाहेब हसले. माणूस हुशार होता. "अंगूठाछाप, और शायर? अच्छा. तो एक बंद और बना, अभी, यहीं. बना दिया तो मान लूँगा. नहीं तो बोल, असल कौन है. उसका नाम दे, तू घर जा, बैल भी ले जा."

संतरामने शब्दन्‌शब्द मराठीत केला. 'आणखी एक कडवं कर' हे सांगून 'खरा कवी कोण आहे' हेही त्याने वसरामच्या डोळ्यांत पाहत विचारलं. एक शब्द, आणि वसराम सुटत होता.

वसरामने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने मान वर केली, आवाज लावला. "बैल म्हणे..." तो थांबला. "बैल म्हणे अमीनाला... का बाबा मला तू... मला तू धरून..." गळा तोच खणखणीत, पण शब्द एकमेकांना धरेनात. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गाडी तिथंच रुतली. घाम गालावरच्या वळांवरून खाली आला.

आणि कचेरी हसली. आधी पेशकार, मग एकेक करत सगळे. "वाह, संत महाराज!" कुणीतरी म्हणालं.

बारा वर्षांपूर्वीचंच ते हसू. संतरामने ते लगेच ओळखलं. ते पुन्हा आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून तो मडक्यात लपला होता, आणि आज ते दुसऱ्याच्या तोंडावर जाऊन पडलं होतं. वसराम एवढा मोठा माणूस, मार खाताना वाकला नव्हता, तो आता जमिनीकडे पाहत होता. संतरामला भयंकर संताप आला. कचेरीचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

त्याने हातातला तर्जुम्याचा कागद मेजावर ठेवला आणि म्हणायला लागला. आवाज चिरका निघाला, पहिल्या ओळीला सूरही लागला नाही. पण अक्षर एकही चुकलं नाही.

*पेटीवर बसलेला, मुन्शी जड सर्वांहून*
*संतराम म्हणे बैला, उतरलो गाडीतून*

हसणं एकदम थांबलं.

"क्या बोला?" अमीनसाहेब पुढे झुकले. "क्या बोला ये? तर्जुमा करो!"

आता तर्जुमा करायला संतरामशिवाय तिथं होतं कोण? त्यानेच केला. पेटीवर बसलेला मुन्शी सगळ्या ओझ्याहून जड आहे, आणि तो संतराम, म्हणजे मी, हुजूर, आज गाडीतून उतरलो आहे, असं त्याने स्वच्छ उर्दूत सांगितलं. जुळणी माझी, हेही सांगितलं. पण बोल वसरामचे आहेत, ओढ्यात गाडी रुतली तेव्हा त्याने बैलाला म्हटलेले, मी पेटीवर बसून ऐकलेले, हेसुद्धा सांगितलं, आणि हे सांगताना तो अमीनकडे नव्हे तर वसरामकडे पाहत होता. शेवटी त्याने वेठबंदीच्या हुकमाचा तर्जुमाही आपणच केल्याचं सांगून टाकलं. त्याची काही गरज नव्हती. पण एकदा सुटलेलं तोंड लवकर मिटत नाही.

व्हायचं ते झालं. नोकरी गेली. बिनपरवाना जमाव जमवून गाणं म्हटलं म्हणून दोघांना दोन-दोन महिने कैद झाली. बैल मात्र वाचले. जप्तीचा कागद वर पाठवायचा तर त्यात वेठीची गोष्ट आली असती, आणि अमीनसाहेबांना ते परवडण्यासारखं नव्हतं.

कैदेत दोघांना एकाच जात्यावर जुंपलं, ज्वारी दळायला. आठ दिवस वसराम संतरामशी बोलला नाही. नवव्या दिवशी खुंटा फिरवता फिरवता म्हणाला, "तुमचं ते नवं कडवं."

"व्हय?"

"बेस हाय." आणखी चार फेरे झाले. "तुमचं नाव त्याच्यात ऱ्हाऊ द्या. आधीच्यात माझं ऱ्हाऊ द्या."

"एका भजनात दोन नावं नसतात, वसराम."

"मग एका जात्याला दोन मानसं काहून हायेत?" वसराम म्हणाला, आणि संतराम कैदेत आल्यापासून पहिल्यांदा हसला.

त्यानंतर संतराम पुसेगावला तीन एकरात राबला. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. नव्या कचेरीला उर्दूच्या मुन्शीची गरज उरली नव्हती, आणि त्यानेही अर्ज केला नाही. त्या वर्षी मार्गशीर्षात पुसेगावला सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी दुपारी तांड्याची मंडळी डफ घेऊन आली, आणि लोकांनी बैलाचं गाणं मागितलं.

वसराम उभा राहिला. चौदा वर्षांपूर्वी संतराम जिथं उभा होता, नेमकी तीच जागा. संतराम मागच्या रांगेत टाळ घेऊन बसला होता. गाणं चढत गेलं. मिठाची गोणी आली, पेटी आली, खाट आली, जाळी आली, पोरं खिदळली. 'वसराम म्हणे बैला' आलं आणि तांड्यातल्या बायांनी माना वर केल्या. मग वसराम थांबला.

डफ चालू होता. एक आवर्तन रिकामं गेलं.

"पुढचं म्हणा की!" बाळापूरचा एक भजनी ओरडला.

"पुढचं माझं न्हाई," वसराम म्हणाला. "ज्याचं हाय त्यानं म्हणावं."

दुसरं आवर्तनही रिकामं गेलं. सगळी गर्दी मागे वळून पाहू लागली. संतरामच्या हातातला टाळ घामाने निसटत होता. कचेरीत धीर आला तो संतापाच्या भरात आला होता. इथं संताप नव्हता, नुसती चारशे माणसं होती आणि ती वाट पाहत होती. त्याने बायांच्या रांगेकडे पाहिलं. नर्मदाबाईने मान हलवली नाही की खूण केली नाही, ती फक्त पाहत होती. तिच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता. तो तिने न विचारता घरून आणला होता.

वसरामने डफावर तिसरं आवर्तन धरलं. संतरामने टाळ खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणायला लागला.